घास कोणाच्या हातचा?

‘व्यवसायोपचार’ हा शब्द मराठीत आला तोच गैरसमज बरोबर घेऊन आला. शब्द कानी पडताच ऐकणाऱ्यास दुकान, धंदा, नोकरी आठवते. आमच्या वर्गातील एका मित्राने तर सरळच विचारले, “म्हणजे बेकारांना कामधंदा लावून देण्याची योजना का रे?” दोष त्याचा नाही. मूळ इंग्रजीतील ‘ऑक्युपेशन’ या शब्दाचा येथे अभिप्रेत अर्थ आहे तो माणसाचा दिवस ज्या ज्या कामांनी भरलेला असतो त्या साऱ्या कामांचा. दात घासणे, अंघोळ करणे, सदऱ्याची बटणे लावणे, चहा गाळणे, देवापुढे निरांजन लावणे, सही करणे ही ती कामे. आजाराने वा अपघाताने ही कामे हातची गेली असता ती पुन्हा हाती आणून देण्याचे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. संस्कृतात मात्र ‘व्यवसाय’ या शब्दास ‘निश्चय’ असाही अर्थ आहे आणि गीतेत तो त्या अर्थाने येतो. तो अर्थ मनात धरला तर हा शब्द इतका वाईट वाटत नाही. असो. शब्दाची चिकित्सा भाषा विभागाकडे सोपवून मी मुद्द्याकडे वळतो.

मुद्दा पक्षाघाताचा आहे. ‘अंगावरून वारे गेले’ असे आपल्याकडे म्हणतात. वस्तुतः वाऱ्याचा यात काही संबंध नाही. मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी गुठळीने बंद होते किंवा फुटते आणि मेंदूचा तेवढा भाग निकामी होतो. डाव्या मेंदूला इजा झाली तर उजवे अंग लुळे पडते, पुष्कळदा वाचाही जाते. उजव्या मेंदूला झाली तर डावे अंग. गुठळी विरघळविणारे औषध साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, एवढी माहिती आता वृत्तपत्रांमुळे बऱ्याच जणांना झालेली आहे आणि ती चांगलीच गोष्ट आहे. परंतु या साडेचार तासांनंतर जी साडेचार वर्षे येतात, किंवा चौदा, त्यांच्याविषयी कोणी बोलत नाही. रोगी वाचला, घरी आला, की डॉक्टरांचे काम संपले व घरच्यांचे सुरू झाले, अशी आपली समजूत आहे. आणि घरचे जे करतात त्याला आपण ‘सेवा’ हे फार मोठे नाव दिलेले आहे.

या सेवेविषयीच मला काही बोलायचे आहे. पक्षाघाताच्या रोग्याला जो माणूस प्रेमाने घास भरवितो, तो कित्येकदा त्या रोग्याचा हात कायमचा घालवीत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे विधान कठोर वाटेल. त्यामागे मात्र प्रयोगशाळेतील पुरावा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टाउब यांनी माकडांवर प्रयोग केले. माकडाच्या एका हाताच्या संवेदना वाहून नेणाऱ्या नसा छेदल्या, तेव्हा माकडाने तो हात वापरणे अजिबात सोडून दिले. स्नायू शाबूत होते, हात हलू शकत होता, तरी तो लोंबत राहिला. मग चांगला हात बांधून ठेवला, तेव्हा ते ‘निकामी’ हाताने खाद्य उचलू लागले! टाउब यांनी असा निष्कर्ष काढला की, सुरुवातीच्या अपयशांमुळे माकड हात न वापरण्यास ‘शिकले’ होते. मानसशास्त्राच्या तासाला आपण शिकण्याच्या उपपत्ती पाठ करतो. न वापरणे हेही शिकता येते, ही गोष्ट मात्र त्या तासाला कधी माझ्या ध्यानात आली नव्हती. पुढे हीच कल्पना माणसांवर वापरण्यात आली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत २२२ रुग्ण होते. त्यांना पक्षाघात होऊन तीन ते नऊ महिने झालेले होते. दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ त्यांच्या चांगल्या हातावर जाड हातमोजा चढविण्यात आला आणि दुबळ्या हाताकडून कामे करवून घेण्यात आली. नेहमीच्या उपचारांवर असलेल्यांपेक्षा या रुग्णांचा हात निश्चितपणे अधिक सुधारला. ज्याच्या हातात मुळीच हालचाल नाही त्याला ही पद्धत लागू पडत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे.

आता आपल्या घरांतील चित्र पाहा. रोगी पाणी मागण्याआधी पेला ओठांशी येतो. सदरा दुसरा चढवितो, तोंड दुसरा पुसतो. माकडाला निदान भूक लागत होती म्हणून हात पुढे करावा लागला. आपल्या रोग्याला तेवढीही संधी मिळत नाही.

आमच्या शेजारी एक निवृत्त प्राथमिक शिक्षक राहतात. सारी गल्ली त्यांना गुरुजीच म्हणते. त्यांचे उजवे अंग गेले. शहरातील एका मोठ्या रुग्णालयातून घरी पाठविताना त्यांच्या कागदावर गोळ्यांची नावे होती, ‘व्यायाम करावा’ असा एक शब्दप्रयोग होता आणि पंधरा दिवसांनी दाखविण्यास सांगितले होते. हाताचे काय, संडासाचे काय, याविषयी अवाक्षर नव्हते. कोणीतरी रबरी चेंडू आणून दिला. तो दाबत बसणे हाच व्यायाम अशी आपल्याकडे सार्वत्रिक समजूत आहे. वास्तविक अशा कित्येक हातांची मूठ आधीच आवळलेली असते, त्यांना उघडायला शिकायचे असते. दुसऱ्या कोणी पारव्याचे रक्त चोळण्याचा सल्ला दिला. तेवढा मात्र काकूंनी मानला नाही. त्या दोन्ही वेळा त्यांना भरवीत. “आयुष्यभर केलं की यांनी, आता कशाला त्रास?” असे त्या म्हणत. गुरुजी काहीच म्हणत नसत, कारण त्यांना बोलताही नीट येत नव्हते.

दिवाळीच्या सुट्टीत त्यांची भाची आली. ती मुंबईस व्यवसायोपचाराच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिने आल्याबरोबर कोणतेही यंत्र काढले नाही. ताटाऐवजी उंच काठाची थाळी घेतली, ती सरकू नये म्हणून खाली ओले फडके अंथरले, चमच्याच्या दांड्याला चिंधी गुंडाळून तो जाड केला आणि गुरुजींच्या डाव्या हातात दिला. उजवा हात नुसता मांडीवर न ठेवता थाळीच्या काठावर ठेवावयास लावला, म्हणजे तोही कामात राहील. पहिल्या दिवशी आमटी सदऱ्यावर सांडली. काकू उठू लागल्या तेव्हा तिने त्यांचा हात धरून त्यांना खाली बसविले. “मामी, पाच मिनिटं बघत बसा फक्त.” ती पाच मिनिटे काकूंना फार जड गेली, हे आम्हाला दारातून दिसत होते.

खरी अडचण आमटीची नव्हती, डाव्या हाताची होती. आपल्याकडे डावा हात शौचाचा, उजवा जेवणाचा. डावखुऱ्या पोराच्या हातावर चापट्या मारून त्याला उजवा करणारा आपला समाज. त्यात एक वयोवृद्ध गुरुजी डाव्या हाताने जेवणार! आणि उजवे अंग गेलेल्याची ही स्थिती, तर डावे अंग गेलेल्याची त्याहून नाजूक. जेवता येते, पण शौचानंतर धुणे उजव्या हाताने करावे कसे? या लाजेपोटी कित्येक वृद्ध पोटभर जेवतच नाहीत, म्हणजे संडासला कमी वेळा जावे लागेल. पाश्चात्य पुस्तकांत सुरी-काटा आणि कागद यांचा विचार असतो, आपल्या दोन हातांच्या या वाटणीचा नसतो. हा प्रश्न स्नायूंचा नव्हे, संस्कृतीचा आहे. म्हणूनच तो आपल्यासारख्या कला शाखेच्या मंडळींच्याही अभ्यासाचा आहे, असे मला वाटते.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. उजव्या मेंदूला इजा झालेल्या काही रुग्णांना डावी बाजू ‘असते’ याचेच भान राहत नाही. डोळे चांगले असतात, तरी डावीकडचे लक्षात येत नाही. आपल्या ताटाची मांडणी आठवा : मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे सारे डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे. असा रुग्ण भाजी-भात खाऊन उठतो आणि डावीकडची कोशिंबीर तशीच राहते. घरचे म्हणतात, यांची चव गेली, किंवा हट्टी झाले. व्यवसायोपचार जाणणारा मनुष्य ताट फिरवून पाहील. ताटाच्या डाव्या काठाला लाल दोरा लावील आणि ‘दोरा दिसेपर्यंत मान वळवायची’ असे शिकवील. ज्ञान असेल तर कोशिंबिरीच्या वाटीवरून मेंदूचे निदान होते आणि ज्ञान नसेल तर घरात भांडण!

या शास्त्रातील पुष्कळशा युक्त्या अशाच साध्या आहेत. सदरा घालताना दुबळा हात आधी बाहीत घालायचा, काढताना चांगला हात आधी काढायचा. लेंग्याच्या नाडीऐवजी इलॅस्टिक. न्हाणीघरात प्लॅस्टिकची खुर्ची आणि भिंतीला पक्की दांडी. साबण निसटू नये म्हणून तो जुन्या मोज्यात घालून बांधून ठेवायचा. कांदा चिरण्यासाठी पाटाला दोन न गंजणारे खिळे ठोकून त्यावर तो रोवायचा, कारण विळीवर एका हाताचे काही चालत नाही. आणि रोग्याला उठविताना त्याचा लुळा हात कधीही ओढायचा नाही. त्याने खांदा निखळू शकतो. यातील एकही गोष्ट महाग नाही. महाग आहे ती ते सारे त्या माणसाच्या घरात, त्याच्या सवयींत बसवून देणारी नजर.

“मग ही नजर घरच्यांनाच द्यावी, उपचारतज्ज्ञ हवेत कशाला?” हा प्रश्न कोणीही विचारील. तो आपल्या देशात प्रत्यक्ष विचारला गेला आहे. भारतातील चौदा रुग्णालयांत १२५० रुग्णांवर एक चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका गटातील रुग्णांच्या घरच्या माणसांना पुनर्वसनाचे प्राथमिक शिक्षण देण्यात आले, दुसऱ्या गटाला नेहमीचेच उपचार. सहा महिन्यांनी पाहिले तो मृत्यू पावलेल्या अथवा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्के! थोडक्यात, घरच्यांच्या हाती चार व्यायाम देऊन पुनर्वसनाचे ओझे त्यांच्या शिरावर टाकण्याचा स्वस्त मार्ग सफल झाला नाही. उलट २००७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये नऊ चाचण्यांचा, १२५८ रुग्णांचा आढावा आला. त्यात व्यवसायोपचार घेतलेल्यांची दैनंदिन कामांतील स्थिती अधिक चांगली आढळली. एकांगीपणा नको म्हणून हेही सांगतो की, ब्रिटनमधील वृद्धाश्रमांत केलेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असा फायदा दिसला नाही. तेथील रुग्ण फार वृद्ध आणि फार पंगू होते. तेव्हा हा उपचार म्हणजे जादू नव्हे. तो केव्हा, कोणाला आणि किती, यालाही महत्त्व आहे.

आश्चर्य याचे वाटते की ही विद्या आपल्याकडे नवी नाही. जन्माने अमेरिकन असलेल्या आणि लग्न करून येथल्याच झालेल्या कमला निंबकर यांनी १९५० साली मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात देशातील पहिले व्यवसायोपचार विद्यालय सुरू केले. १९५२ साली अखिल भारतीय संघटना निघाली, आणि त्याच वर्षी जागतिक महासंघ स्थापन झाला त्याच्या दहा संस्थापक देशांत भारत होता. हाजी अलीची पुनर्वसन संस्था १९५५ ची. परंतु परळहून निघालेली ही गाडी तालुक्याच्या गावापर्यंत काही पोहोचली नाही. २०२१ साली संसदेने संलग्न आरोग्य व्यावसायिकांचा कायदा केला, त्यात व्यवसायोपचारतज्ज्ञांना स्थान मिळाले. कायद्याने नोंदणी होते. माणूस मिळतोच असे नाही.

उपचाराचे मोजमाप कसे करतात तेही पाहण्यासारखे आहे. १९६५ साली महोनी आणि बार्थेल या दोन बाईंनी एक गुणपत्रिका तयार केली. दहा विषय, शंभर गुण. जेवण १०, अंघोळ ५, तोंड धुणे-केस विंचरणे ५, कपडे १०, शौच व लघवीवरील ताबा प्रत्येकी १०, संडासचा वापर १०, खाटेवरून खुर्चीवर जाणे १५, चालणे १५, जिना १०. आपल्या विद्यापीठाप्रमाणे येथे पस्तीस गुणांना उत्तीर्ण करण्याची सोय नाही! शंभर गुण मिळाले म्हणजे माणूस एकटा राहू शकेल असे समजू नये, ही सूचनाही त्या दोघींनीच देऊन ठेवली आहे. आणि खरेच, या पत्रिकेत सहीला गुण नाहीत. गुरुजींना निवृत्तिवेतनासाठी बँकेत अंगठा उमटवावा लागला, तेव्हा घरी येऊन त्यांनी भिंतीकडे तोंड केले. ज्याने चाळीस वर्षे पोरांना बाराखडी गिरवायला लावली त्याच्यावर अंगठेबहाद्दर होण्याची पाळी आली. भाचीने पुढच्या सुट्टीत त्यांना पाटी-पेन्सिल दिली. आता ते डाव्या हाताने सही करतात. बँकेने नवी नमुना सही घेतली आहे. लग्नाच्या पंगतीला मात्र ते अजून जात नाहीत.

सेवेच्या बाजूने जे बोलले जाते ते मला ठाऊक आहे आणि त्यात तथ्यही आहे. म्हातारपणी मुलासुनेकडून करवून घेणे हा आपल्याकडे कमीपणा नाही, हक्क आहे. स्वावलंबनाचे स्तोम पश्चिमेने माजविले. पुंडलिकाच्या भूमीत आईबापांना ‘स्वतःचे स्वतः करा’ म्हणणे शोभते का? माझे म्हणणे एवढेच की, पुंडलिकाची कथा सांगताना त्याच्या आईबापांना काय हवे होते हे कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही. ज्या वृद्धाला सुनेने पाय चेपलेले आवडतात त्याचे पाय जरूर चेपावेत. पण तोच वृद्ध संडासला सुनेला हाक मारताना दहा वेळा विचार करतो, त्याचे काय? कोणते काम दुसऱ्याकडून घ्यायचे आणि कोणते प्राण गेला तरी स्वतः करायचे, हे ठरविणे ज्याचे त्याच्याकडे असावे. व्यवसायोपचार शिकलेला मनुष्य रुग्णाला हेच आधी विचारतो. डॉक्टरांना हे विचारण्यास वेळ नसतो आणि घरच्यांना ते सुचत नाही.

बायकांच्या बाबतीत तर आपली सेवा फारच चमत्कारिक वळण घेते. पुरुषाला पक्षाघात झाला तर त्याला खाटेवर देवासारखे बसवितात. त्याने चहा करून घ्यावा असे कोणाच्या मनातही येत नाही, कारण तो पूर्वीही करीत नव्हता. बाईला झाला तर दोनच वाटा. जरा हात हलू लागला की ‘तेवढाच व्यायाम’ म्हणून तिच्यापुढे भाजीची टोपली येते, नाही तर स्वयंपाकघराची सत्ताच तिच्या हातून जाते. एका वृद्ध बाईंना मी असे म्हणताना ऐकले आहे, की पोळी नाही केली तरी चालेल, पण मिठाचे माप माझे मला घेऊ द्या. डब्यांची झाकणे सैल करून ठेवणे आणि मिसळणाचा डबा खालच्या फळीवर आणणे एवढ्याने ते साधण्यासारखे होते. घरच्यांना वाटले, आजी चिडचिड करतात.

पक्षाघाताचा रुग्ण घरी जाण्यापूर्वी रुग्णालयाच्या कागदावर ‘जेवण, अंघोळ, संडास, कपडे’ या चार ओळी असाव्यात आणि प्रत्येकीपुढे काही लिहिलेले असावे. जिल्हा रुग्णालयात व्यवसायोपचारतज्ज्ञाची जागा असावी, ती भरलेली असावी, आणि त्याने आठवड्यातून काही दिवस तालुक्यांत जावे. बरे होण्याचा वेग पहिल्या काही महिन्यांत सर्वांत जास्त असतो. तेवढे महिने चेंडू दाबण्यात आणि तेल चोळण्यात जाऊ नयेत.

आणि आपण? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण दर वर्षी एखादा रस्ता करतो आणि पुढचा पावसाळा तो घेऊन जातो. यंदाच्या शिबिराच्या गावात पक्षाघाताचे रुग्ण असलेल्या घरांत जाऊन बार्थेलबाईंचे दहा प्रश्न विचारावेत, उत्तरे लिहून ती यादी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या हाती द्यावी, अशी माझी विद्यार्थी मंडळाला सूचना आहे. उपचार आपण करायचे नाहीत. ते आपले काम नव्हे. अकरावा प्रश्न मात्र आपण आपला घालावा : “पुन्हा स्वतःच्या हाताने काय करावेसे वाटते?” उत्तर रुग्णालाच देऊ द्यावे, मग त्याला दहा मिनिटे लागोत. घरची माणसे मध्येच बोलू लागतील. त्यांना चहा ठेवायला पाठवावे.